काचेवरची अक्षरं मी घातली

काचेच्या अठरा पट्ट्यांवर मी अंदाजानं अक्षरं लिहिली आणि ती खरी आहेत असं लोकांना मानू दिलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं काम करतो त्या मॅडमना नाही, आणि ज्यांच्यासाठी ती अक्षरं लिहिली त्या दातांच्या डॉक्टरांना तर नाहीच.

या अंकासाठी लिहा म्हणाले तेव्हा संपादकांना लॅबमधल्या गमतीजमती हव्या होत्या. गमती आहेत. एका गृहस्थांनी गालातून काढलेली गाठ मिठाच्या पाण्यात घालून आणली होती. बांगडा टिकतो तर हीही टिकेल, असं त्यांचं म्हणणं. एक बाई नवऱ्याच्या पित्ताशयातला खडा परत मागायला आल्या. तपासून झालाय, आता काय उपयोग, असं म्हटलं तर म्हणाल्या, "त्यांच्या अंगातून एवढी एकच टणक वस्तू निघाली, ठेवते घरात." असं बरंच लिहिता येईल. पण कागद घेऊन बसलो की हात त्या अठरा काचांपाशी येऊन थांबतो. तेव्हा आधी तेच लिहितो. बोलण्याची सवय मला नाही, लिहून जमतंय का बघू.

माझं काम काय, ते बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. डॉक्टर शरीरातून तपासणीसाठी जो बारीकसा तुकडा काढतात, तो कुजू नये म्हणून औषधात बुडवून, बाटलीत माझ्याकडे येतो. ओला तुकडा पातळ कापता येत नाही. म्हणून अल्कोहोलमध्ये ठेवून त्यातलं पाणी काढायचं, मग झायलीन नावाच्या द्रवात ठेवून अल्कोहोल काढायचं, मग वितळलेल्या मेणात ठेवून मेण मुरवायचं. मेण थंड झालं की तुकड्याची वडी होते. ती यंत्रावर चढवून सुरी फिरवली की कागदाहून कितीतरी पातळ अशी फीत निघते. फीत कोमट पाण्यावर सोडायची, ती पसरली की खालून काचेची पट्टी घालून अलगद उचलायची, आणि रंगवायची. मग मॅडम सूक्ष्मदर्शकातून बघतात आणि रिपोर्ट लिहितात. सही त्यांची, हात माझे. यात मला कमीपणा वाटत नाही. फीत फाटली तर जगातल्या कुठल्याही डॉक्टरला त्यातलं काही वाचता येणार नाही, हे मला माहीत आहे.

या कामातला पहिला धडा पेन्सिलीचा. नाव, नंबर, जे काही लिहायचं ते पेन्सिलीनं. कारण झायलीन शाई खातं. कसलीही शाई असो, बाटलीवर 'पक्की' असं छापलेलं असो. नवीन माणूस कामाला आला की मी पहिल्या दिवशी त्याच्या खिशातलं पेन काढून घेतो.

आता दातांचे डॉक्टर. त्यांचा दवाखाना आमच्या लॅबपासून चालत पाच मिनिटांवर. माझ्याहून आठेक वर्षांनी लहान, हात चांगला, आणि कुतूहल फार. त्यांनी एक लेझरचं यंत्र घेतलं होतं. लेझर म्हटलं की लोकांना वाटतं कापणार, जाळणार. हा त्यातला नव्हे. हा सौम्य. जाड पेनासारखी कांडी, मागे वायर. डॉक्टर आणि पेशंट दोघांनी काळे चष्मे लावायचे, कांडीचं टोक हिरडीपाशी किंवा गालाच्या आत धरायचं, मिनिटभर. पेशंटला काही कळत नाही. गरमसुद्धा लागत नाही. आणि तरी सूज उतरते, दुखणं कमी होतं, जखम लवकर भरते, असा अनेक डॉक्टरांचा अनुभव. कसं, याबद्दल जाणकारांची अजून पूर्ण एकवाक्यता नाही. पेशीच्या आत तिला शक्ती पुरवणारे बारीक अवयव असतात. ते हा उजेड शोषून घेतात आणि मग पेशीचं वागणं बदलतं, असं म्हणतात.

एका दुपारी डॉक्टर आमच्याकडे चहाला आले आणि म्हणाले, "विनायकराव, वागणं बदलतं म्हणजे काय होतं ते मला डोळ्यांनी बघायचंय. तुम्ही दाखवू शकाल?"

मी म्हटलं, "कुठल्या पेशी?"

"पहारेकरी."

पहारेकरी म्हणजे रोगप्रतिकाराच्या पेशी. तोंड हा शरीराचा उघडा दरवाजा. अन्न, पाणी, धूळ, तंबाखू, सगळं तिथूनच जातं. म्हणून तोंडाच्या आतल्या अस्तराखाली पहारा कडक असतो. त्यातल्या एका जातीला मास्ट पेशी म्हणतात. बारीक रक्तवाहिन्यांच्या काठानं त्या बसलेल्या असतात, पोटात दाणे गच्च भरून. काही गडबड झाली की पेशी दाणे बाहेर सोडते. त्या दाण्यांतल्या द्रव्यांनी रक्तवाहिन्या सैल होतात आणि इतर पेशी धावून येतात. साफसफाई, डागडुजी तिथून सुरू होते. हेच जास्त झालं तर त्रासही होतो.

या पेशी दिसाव्यात म्हणून एक विशिष्ट निळा रंग वापरतात. त्यात मी पहिल्यांदा त्या पाहिल्या तेव्हा मी पंचविशीत होतो, आणि अजूनही काच खाली सरकवताना तोच धक्का बसतो. सगळं निळं. अस्तर निळं, धागे निळे, रक्तवाहिन्या निळ्या. आणि त्या निळ्यात मधूनच एक पेशी कोकमाच्या आगळाच्या रंगाची. रंग मी निळाच दिलेला असतो. तो या दाण्यांना लागला की तांबूस जांभळा होतो, कारण दाण्यांतलं द्रव्यच तसं आहे. म्हणजे पेशी स्वतःचा रंग स्वतः ठरवते. रसायनशास्त्रात याचं स्पष्टीकरण आहे, मी ते वाचलं आहे, परीक्षेत लिहिलंही आहे. तरी काच बघितली की ते स्पष्टीकरण आठवत नाही. मान खाली घालून बसून राहावंसं वाटतं.

डॉक्टरांची योजना साधी होती. अक्कलदाढ अर्धवट वर आलेली असली की तिच्यावर हिरडीची टोपी राहते. तिच्यात अन्न अडकून सूज येते, म्हणून ती टोपी बऱ्याचदा कापावीच लागते. कापायच्या आधी, पेशंटला विचारून, टोपीच्या अर्ध्या भागावर ते लेझर धरणार, उरलेला अर्धा पातळ पत्र्याखाली झाकणार. थोडा वेळ थांबून टोपी कापायची, दोन्ही अर्धे दोन बाटल्यांत माझ्याकडे. एका बाटलीवर 'ले', दुसरीवर 'सा', म्हणजे साधा. मी दोन्हींच्या काचा करायच्या आणि मिटलेल्या पेशी किती, फुटलेल्या किती, ते मोजायचं. अशा नऊ जोड्या व्हायला त्यांना जवळजवळ सात महिने लागले. रत्नागिरीत अक्कलदाढांचा दुष्काळ नाही, पण 'हो' म्हणणारा पेशंट दर वेळी मिळत नाही.

नऊही जोड्या मी औषधात नीट ठेवल्या होत्या. सगळ्यांवर सारखीच प्रक्रिया व्हावी म्हणून एकाच दिवशी लावायचं ठरवलं. तुकडे ठेवायला प्लास्टिकच्या जाळीदार डब्या असतात, काड्यापेटीहून लहान. त्यांच्यावर मी नंबर पेन्सिलीनं लिहिले. आणि मग मला काय सुचलं कोण जाणे. डॉक्टर या सगळ्याचे फोटो काढणार होते. पेन्सिलीचं अक्षर फोटोत येत नाही. मी टेबलावरचा लाल मार्कर उचलला आणि 'ले' आणि 'सा' ठसठशीत लिहिलं. डब्या ओळीत मांडल्या तेव्हा छान दिसल्या. मी स्वतःवर खूश होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी झायलीनच्या भांड्याचं झाकण काढलं तर आतलं झायलीन गुलाबी. ते पाण्यासारखं स्वच्छ असायला हवं. मी चिमट्यानं एक डबी उचलली. नंबर चार, पेन्सिलीतला. अक्षर नाही. दुसरी उचलली, तीही चार. अक्षर नाही. अठराही डब्या तशाच. चाराची जोडी चाराचीच होती, साताची साताचीच, पण कुणावर उजेड पडला होता आणि कोण पत्र्याखाली होतं, हे सांगणारं आता जगात काही नव्हतं.

मी वीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस होतो तेव्हा. दुसऱ्यांच्या खिशातली पेनं काढून घेणारा.

मी लॅबमध्ये एकटाच होतो. फोन समोर होता. 'डॉक्टर, माझ्याकडून घोटाळा झाला' एवढं म्हणायचं होतं. फार तर पुन्हा सात महिने गेले असते. मी फोन केला नाही. तुकडे मेणात घातले, काचा केल्या, रंगवल्या, आणि बघायला बसलो.

आता मी काय केलं ते सरळ सांगतो. प्रत्येक जोडीत एका काचेवर फुटलेल्या पेशी दुसरीपेक्षा जास्त होत्या. वाचलेलं होतं की या लेझरनं मास्ट पेशी फुटतात, दाणे सोडतात. मग जिच्यात जास्त, ती 'ले'. जिच्यात कमी, ती 'सा'. काचेवर पेन्सिलीनं लिहिलं. त्या दिवशी पेन्सिल विसरलो नाही.

यातली खोड वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येईल. माझ्या मात्र येत नव्हती, किंवा मी येऊ देत नव्हतो. कुठलेही दोन तुकडे घेतले तरी एकात जास्त असणारच. दोन शहाळी फोडली तर एकात पाणी जास्त निघतंच, म्हणून ते चांदण्यात ठेवलेलं होतं असं कुणी म्हणत नाही. आधी मोजून मग त्या मोजणीवरून अक्षर दिलं, तर नऊच्या नऊ जोड्या लेझरच्याच बाजूनं साक्ष देणार. त्यांच्या जागी नव्वद असत्या तरी दिली असती.

डॉक्टर आले, डोळा लावला, आणि काच इकडून तिकडे सरकवत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "हे तर पोतं फुटल्यासारखं आहे."

खरंच तसं दिसत होतं. नाचणीच्या पोत्याला भोक पडावं आणि दाणे अंगणभर जावेत, तशी ती पेशी आणि तिच्याभोवती सांडलेले तांबूस दाणे. काच खोटी नव्हती. पेशी खरी, दाणे खरे, सांडणंही खरं. कोपऱ्यातली दोन अक्षरं तेवढी माझी होती.

डॉक्टर म्हणाले, "विनायकराव, या पेशींनी जन्मात उजेड बघितला नसेल. तोंडाच्या आत, कातडीच्या खाली. आणि बघा, ओळखतात."

मी "हो" म्हटलं. त्यांच्या आवाजात जे होतं ते मलाही वाटत होतं, म्हणून ते "हो" पूर्ण खोटं नव्हतं. हे मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत आलो. डॉक्टरांनी एका जोडीचे फोटो मोठे करून चौकट करून दवाखान्यात लावले. खाली 'लेझर' आणि 'साधा'.

एवढ्यावरच थांबलं असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं.

शेवंती मावशी मिरकरवाड्याला मासळी विकते. मूळची पूर्णगडची, माझ्या आईच्या माहेरची, म्हणून मावशी. बंदरावर लिलावात माल उचलायचा आणि तिथंच बर्फाच्या कारखान्याच्या वाटेवर कोपऱ्यात बसून विकायचा. तीस वर्षं तोच कोपरा. तिथं जागा कुणाच्या नावावर नसते, रोज बसतं त्याची ती जागा. चार-आठ दिवस नाही बसलं तर चालतं, महिना नाही बसलं तर दुसरी बसते, आणि तिला कुणी उठवत नाही. मावशीचा सगळा धंदा तोंडावर. हाक मारणं, भाव करणं, शिवी देणं, गिऱ्हाइकाच्या पोराची चौकशी करणं.

तिच्या दोन्ही गालांच्या आत पांढरी जाळी उठली होती आणि जाळीमध्ये लाल, सोललेल्यासारखे चट्टे. मीठ-मिरची सोडा, कोमट चहासुद्धा झोंबायचा. "माज्या तोंडात कुणी जाळं टाकलंन रं," असं ती मला म्हणाली. या आजारात आपलेच पहारेकरी आपल्याच अस्तरावर उलटतात. डॉक्टरांनी खात्रीसाठी गालाचा तुकडा पाठवला होता, तो मीच कापला. अस्तराच्या तळाशी लिंफोसाइट नावाच्या पेशींची दाटी, ट्रॉलर लागल्यावर जेट्टीवर होते तशी, पाय ठेवायला जागा नाही अशी. त्या सगळ्या मावशीच्याच. कुणाशी लढताहेत ते त्यांनाच ठाऊक नसावं. इतकी शिस्तबद्ध चूक मी क्वचित पाहिली आहे, आणि तीही बघत राहावी इतकी सुंदर होती, हे लिहायला मला संकोच वाटतो.

डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या आणि मलम दिलं. आराम पडला, पण गोळ्यांनी तिची साखर वर गेली. ती साखर तपासायला आमच्याकडेच यायची. डॉक्टरांनी ठरवलं, गोळ्या हळूहळू कमी करून बंद करायच्या, मलमही बंद, आणि आठवड्यातून दोनदा लेझर.

रक्त देऊन झाल्यावर मावशी माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली.

"तो बॅटरी मारतो गालात नि म्हणतो बरं होयल. जल्लं मेलं, बॅटरीनं बरं झालं असतं तर मी खांबावरच्या दिव्याखाली तोंड उघडून बसले नसते काय?"

मी हसलो.

"हसू नको. तो भितीवरचा फोटो दाखवतो. म्हणतो, तुमच्या विनायकानं केलाय. खरं काय?"

"खरं."

"डॉक्टरचं काय, त्याचं मशीन हाय, तो ते चालवणारच. तू तुज्या दुर्बिणीतनं बघतोस. तुला काय पडलेली नाय कुणाची. तू सांग. त्या उजेडानं आत काय व्हतं काय?"

"होतं मावशी."

"बघितलंस?"

"बघितलं."

"मग झालं," असं म्हणून ती उठली. दारातून परत वळून म्हणाली, "तुज्या आवशीला सांगते, पोर कामाचा निघाला."

गोळ्या सुटल्यावर तिसऱ्या आठवड्यात तिचं तोंड पहिल्यापेक्षा वाईट झालं. डॉक्टर म्हणाले, थोडं थांबू, परत गोळ्या नकोत, उजेडाला वेळ लागतो. भिंतीवरच्या फोटोवर त्यांचा विश्वास होता. मावशी मऊ भात आणि केळं यांच्यावर राहिली. बोलणं बंद झालं. लिलावात बोट वर करायची, पण भाव पुकारता येईना. सून पोटुशी होती, तिला बसवता येत नव्हतं. पाच आठवडे मावशीचा कोपरा रिकामा राहिला, आणि सहाव्या आठवड्यात तिथं दुसरी बाई बसली.

त्या पाच आठवड्यांत ती दोनदा माझ्याकडे आली. बोलता येत नव्हतं म्हणून नुसती बसली. एकदा गाल आतून दाखवला. मी बघितला आणि म्हटलं, "होईल कमी." त्या वेळी तरी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

शेवटी डॉक्टरांनी मलम पुन्हा सुरू केलं, लेझर चालूच ठेवला, आणि दोन महिन्यांत चट्टे भरले. जाळी अजून आहे, पण ती झोंबत नाही. मलमानं भरले की उजेडानं, की दोन्हींनी, की आपोआप, हे कुणीच सांगू शकणार नाही. मावशीनं मात्र ठरवून टाकलं. आता ती मागच्या बाजूला, गटाराजवळ बसते. तिथं गिऱ्हाइकाला वळून जावं लागतं, नेहमीचे काही जातात, बरेच जात नाहीत. कोपरा गेला हे ती नशिबावर घालते. आणि तोंड वाचलं ते माझ्यावर. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या की पहिली सुरमई माझ्या घरी येते. "दुर्बीणवाल्याला" असं सांगून पाठवते. ती परत करायला कारण द्यावं लागेल म्हणून मी ठेवून घेतो. घरात सगळे खातात. मीही खातो.

यावर सहा वर्षं गेली. यंदा, पन्नाशी उलटल्यावर, माझी स्वतःची अक्कलदाढ दुखायला लागली. तिच्यावरही टोपी. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, काढू या.

मी म्हटलं, "अर्ध्यावर लेझर धरा. अर्धा झाका. आणि बाटल्यांवर अक्षरं घालू नका, नुसते एक आणि दोन. कुठला कोण ते कागदावर लिहून पाकीट मॅडमकडे द्या."

"आता कशाला? आपल्याला माहीत आहे की."

"माझ्यासाठी करा," असं मी म्हटलं. सहा वर्षांत मी त्यांच्याकडे पहिल्यांदा काही मागत होतो.

मॅडमनी पाकीट ठेवून घेतलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हे कशासाठी, विनायक?"

"उगाच."

"तुम्ही उगाच काही करत नाही," असं म्हणून त्यांनी ते ड्रॉवरमध्ये टाकलं.

स्वतःच्या तोंडाचा तुकडा स्वतः कापणं ही विचित्र गोष्ट आहे. फीत पाण्यावर पसरली तेव्हा वाटलं, हा मी. काच लावली. तेच निळं, आणि त्यात तेच कोकमी ठिपके. हजारो लोकांचे बघितले होते, स्वतःचे कधी नाही. माझ्या नकळत हे तिथं बसून होते. इतकी वर्षं मी जे खाल्लं, जे बोललो, जे बोललो नाही, त्या सगळ्यात हे आपापल्या रक्तवाहिनीच्या काठी जागे. काही मिटलेले, काही सांडलेले. मला गहिवरून वगैरे आलं नाही, तसा स्वभाव नाही. पण पहिल्या दुपारी मी मोजायचंच विसरलो. दुसऱ्या दुपारी मोजले.

दोन्हींत फुटलेल्या पेशी होत्या. सुजलेली हिरडी, आणि कापताना चिमट्यानं धरलं तरीही त्या फुटतात. पण दोन नंबरमध्ये स्पष्ट जास्त. मी कागदावर लिहिलं, 'दोन - लेझर', आणि मॅडमना पाकीट उघडायला सांगितलं.

त्यांनी वाचलं. "लेझर एकवर होता."

मी माझा कागद त्यांच्यासमोर ठेवला.

"चुकलं?"

"हो."

"एका जोडीनं काय ठरतं?"

"लेझरचं काही ठरत नाही," मी म्हटलं. त्या थांबल्या, मी पुढे काही सांगेन म्हणून. मी काच उचलून डब्यात ठेवली.

खरंच लेझरचं काही ठरत नाही. मास्ट पेशी त्या उजेडानं फुटत असतील, इतरांनी ते नीट मोजून दाखवलेलंही असेल. माझ्यापुरतं ठरलं ते इतकंच की काच बघून मला ते ओळखता येत नाही. आणि मी नऊ वेळा ओळखलं होतं.

इथवर लिहून झाल्यावर मी चार दिवस थांबलो. पाचव्या दिवशी ही पानं घेऊन डॉक्टरांकडे गेलो. पेशंट संपले होते. ते पेशंटच्याच खुर्चीत बसून वाचायला लागले. मी उभाच होतो. वाचून झाल्यावर त्यांनी शेवटची दोन पानं पुन्हा वाचली.

"मावशींच्या गोळ्या मी हा फोटो बघून बंद केल्या."

"माहीत आहे."

"माझी चूक माझी आहेच. नऊ जोड्यांवर मी एवढं विसंबायला नको होतं. पण तुम्ही एक फोन करायचा होतात विनायकराव. मी तुम्हाला काय केलं असतं? ओरडलो असतो."

"हो."

"फक्त ओरडलो असतो." त्यांनी पानं माझ्या हातात दिली. "आज मला तुमच्याशी बोलायचं नाही. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन नाही. तिसऱ्या दिवशी ते स्वतः लॅबमध्ये आले, मॅडमच्या खोलीत गेले, दार लावलं. बाहेर आले तेव्हा मॅडमही सोबत होत्या. माझी नोकरी राहिली, ते त्या दोघांचं मोठेपण. मॅडम एवढंच म्हणाल्या की यापुढे माझ्या मोजणीची दर पाचवी काच त्या स्वतः मोजतील. तसं त्या मोजतात.

डॉक्टर म्हणाले, "पुन्हा करायचं. पहिल्यापासून. पाकिटं मॅडमकडे. मोजणार तुम्हीच, तुमच्याएवढा डोळा इथं दुसऱ्या कुणाचा नाही. पण कुठली कोण ते तुम्हाला कळणार नाही."

फोटोची चौकट त्यांनी उतरवली आहे. नवीन जोड्यांतल्या दोन आल्या आहेत. दोन्हींची मोजणी मी लिहून बंद करून दिली आहे. कुठल्या बाजूला काय, ते मला माहीत नाही, आणि माहीत नसताना काच बघणं हा इतका वेगळा अनुभव आहे हे मला सव्वीस वर्षांत कळलं नव्हतं. कुणाच्या बाजूनं काही शोधायचं नसतं. पेशी दिसते, दाणे दिसतात, मोजायचं आणि पुढे सरकायचं. परवा एका कोपऱ्यात एक मास्ट पेशी अशी दिसली की अर्धी मिटलेली आणि अर्धी सांडलेली, म्हणजे सांडता सांडता मी तिला औषधात धरलं होतं. ती मिटलेल्यांत धरायची की फुटलेल्यांत, यासाठी मी मॅडमना बोलावलं. त्यांनी बघितलं, मी पुन्हा बघितलं. दोघांनाही ठरवता येईना. तशी नोंद केली.

त्या दिवशी लॅबमधून जाताना डॉक्टरांनी विचारलं होतं, "मावशींना कोण सांगणार?"

"मी," असं मी म्हटलं.

त्याला आता सोळा दिवस झाले. दोनदा बंदरापर्यंत जाऊन आलो. एकदा लांबून ती दिसलीही, गटाराच्या बाजूला, कुणाशी तरी भावावरून भांडत होती, आवाज चांगला होता. मी परत फिरलो. तिला वाचता येत नाही, पण तिची मोठी नात अंक वाचून दाखवते, आणि हे तिला नातीच्या तोंडून कळलं तर ते माझ्याकडून सांगितल्यासारखं होणार नाही. तिनं विचारलं तेव्हा मला माहीत नव्हतं आणि मी माहीत आहे म्हणालो, त्यात तिचा कोपरा गेला. एवढं तिच्यासमोर बसून, माझ्या तोंडानं सांगणं बाकी आहे.